लिव्हर कॅन्सरचा केमो पंप: औषध नेमकं कुठे पोचतंय हे स्कॅनमधून कसं कळतं?

मागच्या वर्षी दिवाळीच्या थोडं आधीची गोष्ट. रात्री साडेअकराला आमच्या फॅमिली ग्रुपवर एक फोटो येऊन पडला. काळ्या बॅकग्राउंडवर एक मोठा पांढरट ढग, आणि ढगाच्या खाली उजव्या अंगाला एक छोटासा ठिपका. खाली मामेबहिणीचा मेसेज होता: "पप्पांचा पंप स्कॅन. डॉक्टर म्हणतात आत्ता केमो सुरू करायची नाही. तू टेक्नॉलॉजीवर लिहितोस ना? मग सांग हे काय आहे."

मी फोनचे रिव्ह्यू लिहिणारा माणूस. कॅमेऱ्याचा सेन्सर, बॅटरीचे एमएएच, चार्जरचे वॅट, यापलीकडे माझी मजल नाही. पण मामा न्यू जर्सीत, आम्ही पुण्यात, आणि ताई तिकडे एकटी धावपळ करत होती. आई शेजारी बसून विचारत होती, "तो ठिपका म्हणजे अजून एक गाठ आहे का रे?" मला उत्तर माहीत नव्हतं. पुढचे दोन आठवडे मी हेच वाचत होतो, ताईने डॉक्टरांना काय विचारायचं याच्या याद्या करत होतो. त्यातून जे कळलं ते इथे लिहितोय. आधीच सांगतो, मी डॉक्टर नाही. हा लेख तंत्र समजून घेण्यासाठी आहे, कोणाची ट्रीटमेंट ठरवण्यासाठी नाही.

आधी हा पंप काय प्रकार आहे?

मामाला मोठ्या आतड्याचा कॅन्सर झाला होता. तो ऑपरेशनने काढला, पण नंतर लिव्हरमध्ये गाठी दिसल्या. आतड्याचा कॅन्सर पसरताना लिव्हरमध्ये जाणं हे फार कॉमन आहे, कारण आतड्यातलं रक्त आधी लिव्हरलाच जातं.

नेहमीची केमो हाताच्या किंवा छातीच्या शिरेतून देतात. ती सगळ्या अंगभर फिरते. केस, तोंड, पोट, रक्तपेशी, सगळ्यांना तिचा प्रसाद मिळतो आणि लिव्हरच्या वाट्याला त्यातला एक हिस्सा येतो. मामाचं मूळ गाव तासगावकडे, घरची द्राक्षबाग. डॉक्टरांनी त्याला पंपाबद्दल सांगितलं तेव्हा तो म्हणाला म्हणे, "म्हणजे पाटाने पाणी सोडायच्या ऐवजी ठिबक." मी यावर बरंच वाचलं, पण यापेक्षा चांगली उपमा मला अजून सापडलेली नाही.

लिव्हरला रक्त दोन वाटांनी येतं. सुमारे तीन चतुर्थांश रक्त आतड्याकडून पोर्टल व्हेनमधून येतं आणि उरलेलं सुमारे एक चतुर्थांश हिपॅटिक आर्टरी नावाच्या धमनीतून. गंमत अशी की लिव्हरच्या चांगल्या पेशी मुख्यतः पोर्टल व्हेनवर जगतात, आणि गाठी काही मिलिमीटरच्या झाल्या की त्या आपलं रक्त जवळजवळ सगळं धमनीतून खेचतात. म्हणजे धमनीत औषध सोडलं की ते गाठींकडे जास्त जातं.

दुसरी गंमत औषधात आहे. या पंपात बहुतेक वेळा फ्लॉक्सयुरिडीन नावाचं औषध असतं. लिव्हरमधून पहिल्यांदाच जाताना त्यातलं ९० टक्क्यांहून जास्त औषध लिव्हर शोषून घेते. बाहेर, बाकीच्या शरीरात, फार थोडं सुटतं. त्यामुळे लिव्हरला जो डोस देता येतो तो शिरेतून देणं शक्यच नाही.

आता आपल्या आवडीचा भाग, हार्डवेअर. पंप म्हणजे टायटॅनियमची गोल चपटी डबी. शू पॉलिशच्या डबीची आठवण येईल अशी. पोटाच्या कातडीखाली खिसा करून ती बसवतात आणि तिची बारीक नळी धमनीपर्यंत नेतात. अमेरिकेत यासाठी जो पंप जास्त वापरला जातो त्यात बॅटरी नाही. चार्जिंग नाही, मोटर नाही, चिप नाही. वर्षानुवर्षं चालतो.

कसा? डबीत दोन कप्पे असतात, मध्ये धातूचा भाता, म्हणजे हार्मोनियमच्या भात्यासारखी घडीची भिंत. आतल्या कप्प्यात औषध. बाहेरच्या कप्प्यात असा द्रव जो शरीराच्या उष्णतेने वायू होतो. घरच्या एलपीजी सिलिंडरसारखंच: आत द्रव आणि वायू दोन्ही असेपर्यंत दाब सारखा राहतो, मग सिलिंडर भरलेला असो की अर्धा. हा दाब भात्याला दाबतो, औषध एका केसासारख्या बारीक नळीतून पुढे सरकतं. वेग किती? दिवसाला एक-दीड मिलिलिटर. टाकी सुमारे ३० मिलिलिटरची. नर्स दर दोन आठवड्यांनी कातडीतून सुई घालून टाकी भरते, आणि भरताना पडणाऱ्या दाबाने तो वायू पुन्हा द्रव होतो. म्हणजे रिफिल हेच रिचार्ज!

याचा तोटा पण लगेच लक्षात येईल. दाब तापमानावर अवलंबून आहे, त्यामुळे ताप आला की पंप जोरात चालतो. उंच ठिकाणी हवेचा दाब कमी, तिथेही वेग वाढतो. म्हणून सौना, खूप गरम पाण्याच्या टबात बसणं मना, आणि लांबचा विमानप्रवास किंवा डोंगरावरचा मुक्काम असेल तर आधी डॉक्टरांना सांगायचं.

ही कल्पना १९७० च्या सुमारास अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात पेरी ब्लॅकशियर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुढे आणली. लिव्हरसाठी तिचा सगळ्यात जास्त पाठपुरावा न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंग कॅन्सर सेंटरमध्ये डॉ. नॅन्सी केमेनी यांनी केला. (हो, आडनाव केमेनी आणि काम केमोचं.) १९९९ साली त्यांच्या टीमचा १५६ पेशंटवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. सगळ्यांच्या लिव्हरमधल्या गाठी आधी ऑपरेशनने काढल्या होत्या. नंतर ज्यांना पंप आणि नेहमीची केमो दोन्ही मिळाली त्यांच्यातले ८६ टक्के दोन वर्षांनी जिवंत होते, फक्त नेहमीची केमो मिळालेल्यांत ७२ टक्के. त्यानंतर नवी औषधं आली, त्यामुळे आजच्या केमोच्या जोडीला पंपाने किती फरक पडतो यावर डॉक्टरांमध्ये अजून वाद आहे आणि अमेरिका, नेदरलँड्समध्ये नव्या चाचण्या हाती घेतल्या आहेत. मध्ये तर हार्डवेअरचीच पंचाईत झाली होती. कॉडमन ३००० हा पंप २०१८ मध्ये बनायचा बंद झाला, मग तोच पंप इंटेरा ३००० या नावाने परत आला. फोनचं मॉडेल बंद होतं तेव्हा आपण नवा घेतो, इथे तसं चालत नाही.

पंप आंधळा आहे

सगळं खरं, पण या डबीला एकच काम येतं: ढकलणं. औषध कुठे गेलं हे तिला कळत नाही. सेन्सर नाही, ब्लूटूथ नाही, ॲप नाही. नळीचं तोंड ज्या धमनीत उघडतं तिथून पुढे रक्त जिकडे जाईल तिकडे औषध जाणार. लिव्हरच्या धमनीला लागूनच जठर, लहान आतड्याची सुरुवात आणि स्वादुपिंड यांच्याकडे जाणारे फाटे आहेत. लिव्हरला चालणारा डोस आतड्याच्या भिंतीला चालत नाही. तिथे अल्सर होतो, रक्तस्राव होतो, भिंतीला भोकही पडू शकतं.

ठिबकची लाइन टाकताना नळीला चुकीच्या ठिकाणी भोक राहिलं तर काय होतं हे मामाला माहीत होतंच. फरक इतकाच की इथे लाइन उकरून बघता येत नाही. म्हणून इमेजिंग.

पहिला नकाशा: सीटी अँजिओ

ऑपरेशनच्या आधी लिव्हरचा सीटी अँजिओ करतात. शिरेतून आयोडीनचं कॉन्ट्रास्ट सोडतात आणि टायमिंग साधून स्कॅन घेतात. साधारण अर्ध्या मिनिटाच्या आसपास कॉन्ट्रास्ट धमन्यांत असतं, तेव्हा धमन्या चमकतात. मिनिटाच्या थोडं पुढे ते पोर्टल व्हेनमध्ये पोचतं, तेव्हा लिव्हर उजळते आणि आतड्याकडून आलेल्या गाठी त्यात काळपट दिसतात. बारीक बारीक कापांतून कॉम्प्युटर धमन्यांचं थ्रीडी झाड उभं करतो.

हे झाड प्रत्येकाचं सारखं नसतं. मला हे वाचून खरंच धक्का बसला. आपण शाळेत बघितलेलं चित्र म्हणजे एक सोय आहे. निकोलस मिशेल्स या अमेरिकन शरीररचनाशास्त्रज्ञाने २०० मृतदेहांचं विच्छेदन करून लिव्हरच्या धमन्यांचे दहा प्रकार नोंदवले. पुस्तकातल्यासारखी रचना त्याला सुमारे ५५ टक्क्यांतच मिळाली. बाकीच्यांत कोणाची उजवी धमनी आतड्याच्या धमनीतून निघते, कोणाची डावी जठराच्या धमनीतून, कोणाला एखादी जादाची असते.

सर्जनला हे आधीच का कळायला हवं? कारण पंपाची नळी सहसा गॅस्ट्रोड्युओडेनल नावाच्या फांदीत घालतात, अशी की तिचं टोक मुख्य धमनीच्या तोंडाशी येऊन थांबावं आणि मुख्य धमनीतला प्रवाह अडू नये. आता समजा लिव्हरचा डावा भाग वेगळ्याच धमनीवर जगतोय. मग नळीतलं औषध डावीकडे जाणारच नाही. अशा वेळी सर्जन ती वेगळी धमनी बांधून टाकतात. ऐकायला भयंकर वाटतं, पण लिव्हरच्या आतून उजवीकडची जाळी डावीकडे रक्त पुरवायला लागते. एक नळ बंद केला की सोसायटीच्या दुसऱ्या लाइनवरून पाणी फिरवतात तसं. हे फिरायला काही वेळा तीन-चार आठवडे लागतात.

याच सीटीत अजून दोन गोष्टी बघतात. मुख्य धमनी सुरुवातीलाच अरुंद तर नाही ना? आणि पोर्टल व्हेन उघडी आहे ना? पोर्टल व्हेन गुठळीने बंद असेल तर पंपाचा बेत बहुतेक रद्दच होतो, कारण मग सगळी लिव्हर एकट्या धमनीच्या भरवशावर राहते. गाठी नेमक्या किती, हे मोजायला बऱ्याचदा एमआरआय पण करतात. मामाच्या सीटीत पाच गाठी दिसल्या होत्या, एमआरआयमध्ये सात निघाल्या. त्या दिवशी मामी फोनवर फार बोलली नाही.

ऑपरेशन टेबलवरची रंगाची टेस्ट

ही सगळ्यात साधी आणि मला सगळ्यात आवडलेली पायरी. पोट उघडंच आहे, नळी बसली आहे. सर्जन नळीतून निळा रंग सोडतात, किंवा खास दिव्याखाली चमकणारा रंग. लिव्हर दोन्ही बाजूंनी रंगली पाहिजे आणि जठर, आतडं कोरं राहिलं पाहिजे. कुठे भलतीकडे रंग गेला तर ती बारीक फांदी तिथल्या तिथे बांधतात. पित्ताशय तर आधीच काढून टाकतात, कारण त्याची धमनी लिव्हरच्याच धमनीतून निघते आणि औषधाने ते सुजतं.

मग एवढं बघितल्यावर पुन्हा स्कॅन कशाला? कारण डोळ्याला दिसतं ते वरचं वरचं. आणि टेबलवर कोरी दिसलेली एखादी केसाएवढी फांदी नंतर उघडू शकते.

ग्रुपवर आलेला तो ढग

आता त्या फोटोकडे येऊ. ऑपरेशननंतर काही दिवसांनी, पंपात केमो भरायच्या आधी, न्यूक्लिअर मेडिसिन विभागात पंप स्कॅन करतात. यात टेक्निशियम-९९एम नावाचा किरणोत्सारी पदार्थ प्रोटीनच्या सूक्ष्म कणांना चिकटवलेला असतो. कणांना एमएए म्हणतात. त्यांचा आकार साधारण १० ते ९० मायक्रॉन. आपल्या सगळ्यात बारीक रक्तवाहिन्या १० मायक्रॉनच्या आतबाहेर. त्यामुळे कण प्रवाहाबरोबर जातात आणि पहिल्याच बारीक जाळीत अडकून बसतात. औषध जिथे पोचेल तिथेच हे कण पोचतात, फक्त हे तिथे थांबतात आणि गॅमा किरणांनी हाक मारतात. काही तासांनी प्रोटीन विरघळून जातं.

इथे एक बारीक मेख आहे. हे कण पंपाच्या टाकीत भरून चालत नाही. टाकीतून थेंब थेंब बाहेर यायला दिवस लागतात, आणि टेक्निशियमचं अर्धआयुष्य सहा तास, म्हणजे चोवीस तासांत सोळावा हिस्सा उरतो. म्हणून पंपाला टाकी टाळून थेट नळीत जाणारी वेगळी वाट असते आणि तिच्यासाठी वेगळी सुई. कण तिथून हळूहळू सोडतात. घाईने दाबलं तर प्रवाह उलटा फिरून कण भलतीकडे जातील आणि नसलेली गळती दिसेल.

मग कॅमेरा. फोनच्या कॅमेऱ्यावर इतकं लिहूनही मला गॅमा कॅमेरा माहीत नव्हता! १९५० च्या दशकात हॅल अँगर या अमेरिकन शास्त्रज्ञाने तो बनवला. त्याला लेन्स नसते, कारण गॅमा किरण काचेने वळत नाहीत. लेन्सच्या जागी शिशाची जाड जाळी असते, तिला हजारो भोकं, आणि फक्त सरळ येणारे किरण आत जातात. मागे एक स्फटिक असतो, किरण आदळला की तो क्षणभर चमकतो, आणि त्या चमकेची जागा मोजतात. रिझोल्युशन? चित्र बऱ्याचदा १२८ बाय १२८ पिक्सेलचं. तुमच्या फोनच्या ५० मेगापिक्सेलसमोर हे ०.०१६ मेगापिक्सेल. रिव्ह्यू लिहायचा तर मी याला एक स्टार दिला असता. पण या कॅमेऱ्याला फक्त एकच प्रश्न विचारायचा असतो: कण कुठे आहेत? जिथे कण नाहीत तिथे चित्र जवळजवळ काळं, त्यामुळे थोडेसे कणही उठून दिसतात.

मोठा ढग म्हणजे मामाची लिव्हर. पूर्ण भरलेली, डावीकडे-उजवीकडे दोन्ही. ही चांगली बातमी होती, आणि ती आम्हा कोणालाच कळली नव्हती, कारण सगळ्यांचे डोळे त्या ठिपक्यावर. ठिपका म्हणजे गाठ नव्हे. या स्कॅनमध्ये गाठ शोधतच नाहीत. ठिपक्याचा अर्थ, कण लिव्हरच्या बाहेर कुठेतरी पोचले आहेत.

पण कुठे? ढगाला पत्ता नसतो. म्हणून आता बऱ्याच ठिकाणी स्पेक्ट-सीटी करतात. गॅमा कॅमेरा पेशंटभोवती फिरून थ्रीडी चित्र बनवतो, त्याच टेबलवर सीटी होतो, आणि दोन्ही एकावर एक ठेवतात. मॅपवर लोकेशनचा ठिपका टाकावा तसं. जुन्या पद्धतीत आधी सल्फर कोलॉइड नावाचं दुसरं द्रव्य शिरेतून देऊन लिव्हर आणि प्लीहेची आकृती घेत आणि तिच्याशी पंपाचा ढग ताडून बघत. अजूनही कुठे कुठे तसं करतात.

मामाचा ठिपका स्पेक्ट-सीटीत लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भिंतीवर पडला.

त्यानंतर डॉक्टरांनी गळ्याचं चित्र तपासलं. ताईला वाटलं आता गळ्यातही काही निघालं का! तसं नव्हतं. कधी कधी थोडं टेक्निशियम कणांपासून सुटतं आणि रक्तात मोकळं फिरतं. असं मोकळं टेक्निशियम जठरात आणि थायरॉइडमध्ये जमतं. तेव्हा पोटात चमक दिसली आणि थायरॉइडही चमकतेय, तर पंपाची गळती नसून सुट्या टेक्निशियमचा घोळ असण्याची शक्यता जास्त. मामाची थायरॉइड कोरी होती. म्हणजे गळती खरी.

त्या रात्री केमो "सुरू करायची नाही" असं का म्हणाले, ते मला इथे कळलं. आम्हाला वाटत होतं की कॅन्सर वाढलाय, म्हणून थांबवली. खरं तर त्या ठिपक्यातून दोन आठवडे फ्लॉक्सयुरिडीन गेलं असतं तर आतड्याच्या भिंतीचं काय झालं असतं, त्याचा तो विचार होता. आणि हा पंप बटण दाबून बंद करता येत नाही. औषध काढून घ्यावं लागतं आणि टाकी दुसऱ्या कशाने तरी भरावी लागते. तोवर मामाच्या पंपात हेपरिन घातलेलं सलाइन चालू होतं, नळीत गुठळी होऊ नये म्हणून. केमोच्या दोन फेऱ्यांच्या मधल्या दोन आठवड्यांतही तेच भरतात.

गळती बुजवली कशी?

पुन्हा इमेजिंगनेच. या वेळी इंटरव्हेन्शनल रेडिओलॉजिस्टकडे. त्यांनी मनगटाच्या धमनीतून एक बारीक कॅथेटर लिव्हरच्या धमनीपर्यंत नेला, कॉन्ट्रास्ट सोडून लाइव्ह एक्स-रेवर बघितलं आणि आतड्याकडे जाणारी एक फांदी सापडली. सीटी अँजिओत ती कोणाला दिसली नव्हती, इतकी बारीक. तिच्यात धातूची छोटी स्प्रिंग सोडली, तिच्याभोवती रक्त गोठलं आणि फांदी बंद. मामा त्याच दिवशी घरी गेला. आठवड्याने पुन्हा पंप स्कॅन. ग्रुपवर दुसरा फोटो आला: फक्त ढग. तेव्हा कुठे पंपात केमो भरली.

सगळ्यांचं असं सरळ होत नाही, हेही सांगायला हवं. काहींच्या स्कॅनमध्ये उलटा प्रश्न असतो, लिव्हरचाच एक भाग काळा राहतो. धमनी बांधली असेल तर काही आठवडे थांबून पुन्हा स्कॅन करतात. काहींची धमनीच गुठळीने बंद होते आणि पंप वापरताच येत नाही.

नंतरचे स्कॅन

केमो सुरू झाली म्हणून इमेजिंग संपत नाही. दर काही महिन्यांनी सीटी, गाठी घटल्या का बघायला. याबरोबर एक दुसरी काळजी असते, पित्तनलिका. त्यांना रक्त धमनीतूनच मिळतं, त्यामुळे त्यांनाही औषधाचा पूर्ण डोस बसतो आणि त्या आकसू शकतात. म्हणून दर रिफिलच्या वेळी रक्ताच्या टेस्ट, पंपातच औषधासोबत डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड, आणि संशय आलाच तर एमआरसीपी, म्हणजे पित्तनलिका दाखवणारा एमआरआय. हो, पंप असताना एमआरआय होतो, पण मॉडेलनुसार अटी असतात. म्हणून पंपाचं कार्ड नेहमी खिशात आणि टेक्निशियनला आधी सांगायचं. सीटीत टायटॅनियमच्या डबीभोवती रेघा उठतात, पण पंप लिव्हरपासून बाजूला बसवलेला असल्याने सहसा काम अडत नाही. पोटात अचानक दुखू लागलं तर नळीतून कॉन्ट्रास्ट किंवा पुन्हा तेच कण सोडून नळी जागेवर आहे ना हे तपासतात.

एमएए कणांची हीच युक्ती आपल्याकडेही वापरतात, पण दुसऱ्या उपचारासाठी. लिव्हरच्या धमनीतून किरणोत्सारी यट्रियमचे मणी सोडण्याआधी ते फुप्फुसात किंवा आतड्यात तर जाणार नाहीत ना हे याच कणांनी तपासतात. मुंबईच्या टाटा मेमोरियलमध्ये हा उपचार होतो.

आणि तो फोनवरचा फोटो?

आता माझ्या विषयाचं. त्या रात्री आम्ही सगळ्यांनी झूम करकरून तो फोटो बघितला. काकाने तर ब्राइटनेस वाढवून अजून दोन "ठिपके" शोधले. ते कॉम्प्रेशनचे चौकोन होते.

स्कॅनची खरी फाइल डायकॉम नावाच्या फॉरमॅटमध्ये असते. १९९३ पासून जगभर हेच नाव आणि हाच फॉरमॅट. सीटीतला प्रत्येक बिंदू म्हणजे एक आकडा असतो, सीटीचा शोध लावणाऱ्या गॉडफ्री हौन्सफील्ड यांच्या नावाने मोजलेला. पाणी शून्य, हवा उणे १०००, हाड शेकड्यांत. असे साधारण ४०९६ आकडे. फोनच्या साध्या फोटोत राखाडीच्या छटा फक्त २५६. सगळे आकडे त्यात कोंबले तर एका छटेत १६ आकडे जातात. लिव्हर आणि गाठ यांच्यातला फरक कधी कधी ३०-४० आकड्यांचाच असतो, म्हणजे जेमतेम दोन छटा. म्हणून रेडिओलॉजिस्ट "विंडो" लावतात: फक्त लिव्हरच्या आसपासचे आकडे घेऊन त्यावर सगळ्या २५६ छटा पसरवतात, आणि दोन छटांचा फरक पन्नासेक छटांचा होतो. मॉनिटरचा फोनने काढलेला फोटो, त्यावर व्हॉट्सॲपचं कॉम्प्रेशन, यात हे सगळं गेलेलं असतं. ते झूम करून परत येत नाही.

कोणाला सेकंड ओपिनियन हवं असेल तर स्कॅन सेंटरकडून सीडी किंवा डाउनलोड लिंक मागा. पूर्ण फोल्डर झिप करून "डॉक्युमेंट" म्हणून पाठवा, फोटो म्हणून नको. बघण्यासाठी अँड्रॉइड आणि आयफोन दोन्हींवर डायकॉम व्ह्यूअर ॲप्स मिळतात, पण ते तुम्हाला बघण्यापुरते, निदान करण्यापुरते नाहीत. रिपोर्टचा कागद सोबत ठेवाच.

अजून एक. डायकॉम फाइलच्या आत पेशंटचं नाव, जन्मतारीख, हॉस्पिटलचा नंबर लिहिलेला असतो, आणि मॉनिटरच्या फोटोतही तो कोपऱ्यात दिसतो. आमच्या ग्रुपमध्ये ४३ लोक आहेत. मामाचं पूर्ण नाव आणि जन्मतारीख त्या फोटोत वरच्या कोपऱ्यात स्पष्ट दिसत होती, आणि ते माझ्या लक्षात आलं चौथ्या दिवशी. तोवर "डिलीट फॉर एव्हरीवन"ची मुदत उलटून गेली होती. मग मी एकेकाला पर्सनल मेसेज करून फोटो डिलीट करायला सांगितलं. काकाने विचारलं, "का रे, चांगला तर आलाय." तोपर्यंत त्याने तो दुसऱ्या दोन ग्रुपवर टाकला होता.